विषाची उसनवारी

ऑगस्ट 2025 मध्ये स्पेनच्या आलिकान्ते प्रांतातल्या ग्वार्दामार देल सेगुरा गावाने ऐन हंगामात समुद्रस्नानावर बंदी घातली. कारण काय, तर किनाऱ्यावर सापडलेले बोटाच्या पेराएवढे निळे जीव! नाव मात्र भारदस्त: ब्लू ड्रॅगन. शास्त्रीय नाव ग्लॉकस अटलांटिकस. ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय. शंख असतो तो अळीच्या अवस्थेत. पुढे तो गळून पडतो आणि मऊ, उघडं अंग उरतं.

अशा अंगाने भर समुद्रात, तेही पृष्ठभागावर, जगायचं कसं? हा प्राणी हवा गिळून पोटात बुडबुडा धरतो आणि उताणा तरंगतो. फोटोत आपण ज्याला निळीशार पाठ समजतो ते त्याचं पोट. वरून पक्ष्याला ते निळ्या पाण्यात दिसत नाही आणि खरी पाठ रुपेरी असल्याने खालच्या माशालाही ती चकाकत्या पाण्यात सापडत नाही.

खरी करामत जेवणात आहे. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूत येणारे निळे फुगे, म्हणजे ब्लू बॉटल, हे त्याचं आवडतं खाद्य. (त्यांना सगळे जेलीफिश म्हणतात, खरं तर ती अनेक जीवांची वसाहत असते.) त्यांच्या शेपटांत स्पर्श होताच सुईसारखा बाण सोडणाऱ्या सूक्ष्म कुप्या असतात. ब्लू ड्रॅगन ती शेपटं कुरतडून खातो. चिकट स्राव आणि अन्नमार्गाचं टणक अस्तर त्याला वाचवतं. न फुटलेल्या कुप्या तो पचवत नाही. पचनग्रंथीच्या फाट्यांतून त्या अंगावरच्या बोटांसारख्या झालरींच्या टोकापर्यंत जातात आणि तिथल्या पिशव्यांत साठतात. स्वतःचं विष थेंबभरही नाही, पण हा साठा इतका दाट होतो की त्याचा डंख मूळ मालकापेक्षाही झोंबू शकतो. चोरीचा माल, पण धार अस्सल!

शिकार आणि शिकारी दोघंही वाऱ्याच्या हवाली, त्यामुळे किनाऱ्याला लागतात तेही बरेचदा बरोबरच. मिचाँग चक्रीवादळानंतर डिसेंबर 2023 मध्ये चेन्नईच्या बेझंट नगरच्या किनाऱ्यावर हे ड्रॅगन दिसले होते. तळहातावर घेऊन काढलेले त्यांचे फोटो समाजमाध्यमांवर भरपूर फिरतात. ते पाहून धास्तीच वाटते. कुपी फुटायला प्राणी जिवंत असावा लागत नाही. वाळूत मरून पडलेला ड्रॅगनही डंख मारतो.