यंत्रांचे लेखन आणि लहान भाषा

विकिपीडिया हा इंटरनेटवरील सार्वजनिक ज्ञानकोश तीनशेहून अधिक भाषांत चालतो. लेखांच्या संख्येवरून या भाषांचा क्रम लावल्यास पहिले स्थान इंग्रजीचे ठरते, यात नवल नाही. दुसरे स्थान मात्र जर्मन किंवा फ्रेंच भाषेचे नसून सेबुआनो भाषेचे आहे. फिलिपाइन्सच्या मध्य व दक्षिण भागांतील सुमारे दोन कोटी लोकांची ही भाषा. तिच्या ज्ञानकोशात ६० लाखांहून अधिक लेख आहेत. नियमितपणे लिहिणारी माणसे मात्र काही शेकड्यांच्या आतच आहेत.

मग हे लेख लिहिले कोणी? त्यांपैकी बहुतेक सर्व एका संगणकीय आज्ञावलीने लिहिले. माणसाचे काम आपोआप करणाऱ्या अशा आज्ञावलीस ‘बॉट’ म्हणतात. स्वेर्केर योहानसन या स्वीडिश गृहस्थांनी ती तयार केली. तिची रीत अगदी साधी आहे. प्राण्यांच्या जाती, डोंगर, नद्या, गावे यांच्या तयार याद्यांतून ती माहिती उचलते आणि ठरावीक वाक्यांच्या साच्यांत भरते. छापील अर्जातील रिकाम्या जागा कारकुनाने भराव्यात, तसाच हा प्रकार होय. मूळ यादीत डोंगराची जागा चुकली असेल, तर ती चूकही लेखात जशीच्या तशी उतरते. या कामात लबाडी नव्हती, हे सांगितले पाहिजे. बॉटचे लेखन उघडपणे बॉटच्याच नावावर नोंदलेले आहे. परंतु तपासणीचे काय? एका लेखास एकच मिनिट दिले, तरी ६० लाख लेख वाचावयास रात्रंदिवस अकरा वर्षांहून अधिक काळ लागेल. लिहिण्याचा खर्च यंत्राने जवळजवळ शून्यावर आणला; वाचण्याचा व पारखण्याचा खर्च मात्र पूर्वी होता तेवढाच राहिला. यंत्रांच्या गर्दीत माणसाचे लेखन बुजून जाते, त्याचे मूळ या विषमतेत आहे.

सेबुआनोतील वाक्ये निदान माणसाने बांधलेल्या साच्यांतील होती. ग्रीनलंडची कथा याहून निराळी आहे. तेथील लोकसंख्या सुमारे ५७ हजार. त्यांच्या भाषेच्या विकिपीडियात दीड हजारांच्या आसपास लेख होते. व्यवस्थापकाने ते तपासले, तेव्हा जवळजवळ सर्व लेख ती भाषा न येणाऱ्यांनी लिहिलेले आढळले. कित्येक तर भाषांतरयंत्रातून काढून तसेच चिकटविलेले होते. या भाषेत एका धातूला प्रत्ययांमागून प्रत्यय जोडून संपूर्ण वाक्याचा अर्थ एकाच शब्दात आणता येतो. अशी रचना शिकण्यास विपुल नमुने हवेत आणि नेमके तेच यंत्राजवळ नव्हते. त्यामुळे दिसावयास भाषेसारखा, पण अर्थहीन मजकूर तयार झाला. अखेर २०२५ साली, व्यवस्थापकाच्याच विनंतीवरून, ही आवृत्ती बंद करण्याचा निर्णय झाला.

एवढा कठोर उपाय का करावा लागला, हे समजण्यासाठी भाषांतरयंत्र कसे शिकते ते पाहावे लागेल. इंटरनेटवर मिळणाऱ्या मजकुरावर ते पोसले जाते. मोठ्या भाषांत हा मजकूर अफाट असतो; लहान भाषांत विकिपीडिया हाच त्याचा मोठा वाटा असतो. यंत्राने चुकीचे लिहावे, ते ज्ञानकोशात जावे, तेथून नवे यंत्र तेच शिकावे आणि अधिक चुकीचे लिहावे, असे हे चक्र आहे. यंत्राला स्वतःच्याच लेखनावर पिढ्यान्‌पिढ्या शिकविल्यास काय होते, याविषयीचे संशोधन २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की, प्रथम विरळ गोष्टी नाहीशा होतात आणि मागाहून सर्वच मजकूर बिघडतो. समजा, एखाद्या मजकुरात ‘पहाट’ हा शब्द हजार वेळा आणि ‘झुंजुमुंजू’ दोनदा आला आहे. यंत्राचा कल अर्थातच वारंवार येणाऱ्या शब्दाकडे. त्याने तयार केलेल्या मजकुरात ‘झुंजुमुंजू’ एकदाही न येण्याचा संभव मोठा. आणि एकदा तो शब्द गळला की पुढच्या यंत्राला तो कळणारच नाही. माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर टाकून न देता प्रत्येक पिढीला सोबत पुरविला, तर हा ऱ्हास पुष्कळ अंशी टळतो, असेही प्रयोगांत आढळले आहे. मात्र त्यासाठी मूळ कोणते व यंत्राचे कोणते, हे ओळखता आले पाहिजे.

इंग्रजी विकिपीडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये, न तपासता टाकलेले यंत्रलिखित लेख चर्चेवाचून तत्काळ वगळण्याचा नियम केला. तेथे असा नियम राबवावयास हजारो स्वयंसेवक आहेत. भारतात कोंकणी विकिपीडिया २०१५ साली आणि संथाळी २०१८ साली सुरू झाला. दोहोंचे लेख अद्याप तुलनेने थोडेच आहेत. तेवढे लेख एखाद्या बॉटला फार तर काही दिवसांचे काम, आणि ते पारखणारी माणसे मात्र मोजकीच.