ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग : कंपनीच्या मुंबईतील न्यायासन

मुंबईच्या फोर्ट भागात, शहीद भगतसिंग मार्गावर, नौदल गोदीच्या लायन गेटसमोर ‘ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग’ ही अठराव्या शतकातील इमारत उभी आहे. तिचे आजचे नाव नंतर तेथे चाललेल्या हॉटेलावरून पडलेले असले, तरी त्याआधी ती गव्हर्नर हॉर्नबी यांचे निवासस्थान होती, आरमारप्रमुखाचे घर होती आणि एकोणिसाव्या शतकाची बहुतेक दशके न्यायालय होती.

मुंबई बेट १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आल्यावर गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर यांनी १६७२ मध्ये पोर्तुगीज कायदा रद्द करून इंग्लिश कायदा लागू केला आणि जॉर्ज विलकॉक्स यांना न्यायाधीश नेमले. मात्र हा न्यायाधीश कंपनीचाच नोकर असल्याने कंपनी जेथे स्वतः पक्षकार असे, तेथे त्याच्या निःपक्षपाताची खात्री देणे कठीण होते. कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून रामा कामती या बड्या असामीला १७२० मध्ये दोषी ठरवून कैदेत टाकण्यात आले, त्या खटल्यातील पत्रे बनावट होती असे इतिहासकार मानतात. १७२६ च्या राजसनदेने मेयर व नऊ आल्डरमन, म्हणजे नगरसभेचे ज्येष्ठ सभासद, यांचे ‘मेयर्स कोर्ट’ आले, तरी त्याच्या निर्णयांवरील अपील प्रथम गव्हर्नर व कौन्सिलकडेच जाई.

खरा बदल १७९८ मध्ये झाला. ‘रेकॉर्डर’, म्हणजे राजाने नेमलेला अनुभवी बॅरिस्टर, न्यायासनावर बसला. त्याच्या कोर्टानंतर १८२४ मध्ये सुरू झालेले सुप्रीम कोर्टही याच इमारतीत भरत असे, आणि कंपनीच्या कारभाऱ्यांना राजाच्या न्यायाधीशांचा जाच वाटू लागला.

हा संघर्ष विकोपाला गेला तो पुण्याच्या मोरो रघुनाथ या चौदा वर्षांच्या मुलावरून. त्याला पालक पांडुरंग रामचंद्र यांच्याकडून सोडवून कोर्टापुढे हजर करावे, असा ‘हेबिअस कॉर्पस’ आदेश, म्हणजे ताब्यातील व्यक्तीला प्रत्यक्ष न्यायालयापुढे आणण्याचा हुकूम, १८२८ मध्ये निघाला. परंतु पुणे कोर्टाच्या हद्दीबाहेर आहे, असे सांगून गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तो बजावू दिला नाही. त्याच वर्षी दोन न्यायाधीश निवर्तल्याने एकटे उरलेले जॉन पीटर ग्रँट यांनी निषेध म्हणून १८२९ मध्ये कोर्टच बंद केले. न्यायाधीशाने स्वतःच न्यायालयाला टाळे ठोकावे, हा प्रकार तेव्हाही विलक्षणच ठरला. इंग्लंडमधील प्रिव्ही कौन्सिलने निकाल मात्र माल्कम यांच्या बाजूने दिला. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेलही. पण त्यामुळे राजाच्या न्यायाधीशांचा वचक मुंबई बेटापुरताच उरला आणि पुण्याची रयत कंपनीच्या अदालतींवरच विसंबून राहिली.

कंपनीचे राज्य संपल्यावर, १८६२ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि कंपनीच्या सदर अदालती एकत्र करून मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले, आणि १८७९ च्या आरंभी ते या इमारतीतून आपल्या सध्याच्या वास्तूत गेले.