गोळी आहे, पण घेता येत नाही

एड्स म्हटलं की आपल्याला 1 डिसेंबरची रॅली आणि लाल रिबन आठवते. पण एचआयव्ही होऊच नये म्हणून घ्यायचं औषध असतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

या औषधाला 'प्रेप' म्हणतात. लागण न झालेल्या व्यक्तीने ते आधीपासून घ्यायचं. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन एकाच गोळीत असतात. विषाणू शरीरात शिरला तरी त्याला आपल्या प्रती काढता येत नाहीत. अमेरिकेत या गोळीला 2012 साली मान्यता मिळाली. रोज नेमाने घेतली तर ती चांगलं काम करते. निरोध वापरायचा की नाही हे बहुतेक वेळा पुरुष ठरवतो. गोळी मात्र बाईच्या स्वतःच्या हातात!

पण झालं काय? दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या 5,029 स्त्रियांवर 'व्हॉइस' नावाची चाचणी झाली. त्यात गोळ्याही होत्या, जेलही होतं. 2013 मध्ये निकाल आला, की कशाचाच उपयोग झाला नाही. मग रक्ताचे नमुने पाहिले, तर जेमतेम 30 टक्के नमुन्यांत औषध सापडलं. बहुतेक जणी ते घेतच नव्हत्या.

'बायका निष्काळजी' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. नंतर त्यांच्याशी बोलल्यावर कारणं कळली. एचआयव्हीच्या रुग्णांनाही हीच औषधं देतात. घरात डबी दिसली की 'हिला तो रोग झालाय' अशी कुजबुज सुरू! जोडीदाराचा संशय वेगळाच. आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर मशीन ठीक होतं, ते कोणत्या घरात चालणार हे डिझाइन करताना पाहिलं नव्हतं.

मग लपवता येईल असे उपाय आले. महिनाभर योनीमार्गात राहणारी डॅपिविरिनची सिलिकॉन रिंग, दोन महिन्यांनी घ्यायचं कॅबोटेग्रॅविरचं इंजेक्शन आणि सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या त्वचेखाली टोचायचं लेनाकापॅविर. 2024 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीचा निकाल आला. लेनाकापॅविर घेणाऱ्या 2,134 मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्या 16 ते 25 वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्याच वयाच्या!

आता अडचण पैशांची. 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा वर्षाची किंमत 28,000 डॉलरच्या वर होती. मात्र 2024 मध्येच सहा कंपन्यांना गरीब देशांसाठी हे औषध बनवायचे परवाने मिळाले होते. त्यांत आपल्या पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत. या दोन हैदराबादी कंपन्यांचं औषध 2027 पासून वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये देण्याचे करार 2025 मध्ये जाहीर झाले.

तरीही दर वेळी तपासणीला दवाखान्यात जावंच लागणार. तिथे लग्न न झालेल्या मुलीने हे औषध मागितलं आणि समोरच्याने नुसत्या भुवया उंचावल्या, तरी ती परत येणार नाही. या भुवयांवर इंजेक्शन नाही. तेवढं काम आपल्यालाच करायचं आहे.