पहिल्या तासाला सात वाजतात

पहाटे ५.४५

मच्छरदाणीच्या बाहेर अजून काळोख आहे. कोंबड्यांचं आरवणं मात्र कधीचं सुरू झालंय. केनियातल्या किसुमूच्या उत्तरेला, विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावरच्या या गावात पहाट रेंगाळत नाही. पावणेसातच्या सुमाराला सूर्य झपकन वर येतो, संध्याकाळी त्याच सुमाराला झपकन बुडतो, आणि वर्षभर त्याच्या या वेळा फारशा हलत नाहीत. म्हणूनच असेल, स्वाहिली घड्याळ दिवसाची मोजणी उजाडल्यापासून करतं. आपले सात म्हणजे इथला पहिला तास, ‘सा मोजा’. ‘मोजा’ म्हणजे एक, पण माझ्या मराठी कानाला दर वेळी तो हुकूमच वाटतो.

पहिल्याच दिवशी या घड्याळानं मला फसवलं. वाळूचा ट्रक ‘सा नाने’ला येईल असं मिस्त्री म्हणाला. नाने म्हणजे आठ एवढं मी पाठ करून आले होते, म्हणून आठपासून रस्त्याकडे डोळे लावून बसले. ट्रक दुपारी दोनला आला, अगदी वेळेवर. खरं तर आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजायचे. विसरले होते ती मीच.

सकाळी ७.००

चहा, पाव, मलेरियाची गोळी. मग प्रार्थना.

आम्ही नऊ जण इंग्लंडमधल्या एका चर्चचे: निवृत्त पोस्टमन, दोन शिक्षिका, एक नर्स, कॉलेजातली चार पोरं आणि मी. मी मूळची नगरची, बापाचं काम गवंड्याचं. मंडळींनी मला याच कारणासाठी घेतलं असावं, पण थापी बाबांच्या हातात होती, माझ्या नाही, हे मी पहिल्याच सभेत सांगून टाकलं होतं.

‘आमेन’नंतर रोज नियम वाचून दाखवतात. मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. खाऊ, पैसे, भेटवस्तू परस्पर द्यायच्या नाहीत. कुठल्याही मुलासोबत एकट्यानं थांबायचं नाही. आईवडील कसे गेले, हे विचारायचं नाही. निघण्याआधी आम्हा सगळ्यांची पोलीस पडताळणीही झाली.

हे नियम उगाच आलेले नाहीत. परदेशातून आठवडाभरासाठी यायचं, अनाथाश्रमात मुलांना कुरवाळायचं आणि डोळे पुसत परत जायचं, असा प्रघातच पडला होता. पाहुण्यांमागून पैसा येऊ लागला, आणि पैशासाठी आश्रमांना मुलं हवी झाली. त्यातल्या कित्येकांचे आईबाप, निदान आजी-काका, हयात होते. २०१७मध्ये केनियानं नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या असल्या सेवेचे धोके नोंदवले. २०२२मध्ये केनियानं मुलांना संस्थांतून कुटुंबात नेण्याचं दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं. म्हणून आम्ही वसतिगृह बांधत नाही. सतरा वर्षांच्या एका मुलासाठी, त्याच्या बापाच्या जमिनीवर, एक खोली बांधतो आहोत.

सकाळी ८.००

इथल्या लुओ लोकांत मुलगा वयात आला की आईबापांच्या घरात निजत नाही. घराच्या आवारात, फाटकाच्या अंगाला तो आपली वेगळी झोपडी उभारतो. तिला म्हणतात ‘सिंबा’. पुढे लग्न झालं, स्वतःचं आवार मांडायची वेळ आली की बाप किंवा चुलता पुढे होऊन नवी जागा दाखवतो. मुलाच्या हातात कुऱ्हाड असते, सोबत कोंबडा असतो. पण बापच नसेल, आणि मुलगा लहानपणीच बालगृहात गेला असेल, तर सिंबा उभी राहत नाही. सिंबा नसली की चार-सहा वर्षांत बांधावरचे लोक त्या जमिनीकडे मोकळी म्हणून बघू लागतात.

हा मुलगा आठ वर्षं बालगृहात होता. आता बोर्डिंग शाळेत आहे आणि ऑगस्टच्या सुट्टीसाठी आजीकडे आलाय.

भिंतीला लागतात त्या विटा भाजलेल्या नाहीत. लाल माती चाळायची, थोडं सिमेंट मिसळायचं, ओल द्यायची, साच्यात भरून लांब दांड्यावर लोंबकळून दाबायचं. भट्टी नाही, म्हणजे झाडं तोडणं नाही. सिमेंटच्या पन्नास किलोंच्या एका गोणीत शंभराच्या आसपास विटा निघतात. ओल बरोबर आहे का, हे मिस्त्री मुठीत बघतो. मातीचा लाडू वळायचा, हात खांद्याच्या उंचीवर न्यायचा आणि सोडून द्यायचा. भुगा झाला तर पाणी कमी, तसाच चपटा राहिला तर पाणी जास्त, तीन-चार ढेकळं झाली तर काम सुरू. माझा पहिला लाडू शेणाच्या पोसारखा थबकन बसला. मिस्त्रीनं माझ्याकडं न बघता घमेलंभर कोरडी माती ओतली.

घमेल्याला इथं ‘कराई’ म्हणतात, म्हणजे आपली कढईच. दुकान ते ‘डुका’, पैसा तो ‘पेसा’, कारखाना तो ‘काराकाना’. रस्त्यावर घालतात तो मुरूम, आणि त्याला ‘मुरम’च म्हणतात. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून किसुमूपर्यंत रेल्वे टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर आणले गेले. शब्दांची देवघेव अरबी गलबतांच्या काळापासूनची, पण कराई हातात आली की मला ते मजूरच आठवतात. रस्त्यावरची पोरं आमच्या गोऱ्यांना ‘म्झुंगू’ म्हणून हाका मारतात आणि मला ‘मुहिंदी’. मिस्त्री तर मला ‘मामा’ म्हणतो. इथं बाईला आदरानं तसंच म्हणतात, पण मला रोज क्षणभर मिशा फुटल्यासारखं वाटतं.

सकाळी १०.३०

कामाची सुट्टी. दुधात उकळलेला गोड चहा आणि चपाती. दोन्ही शब्द तेच, चवही फार लांबची नाही.

पोस्टमनकाका कागदावर हिशेब करत बसलेत. आमच्या नऊ विमानतिकिटांच्या पैशात असे तीन मिस्त्री किती महिने कामाला लागले असते? उत्तर त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं नाही, कागद घडी करून खिशात टाकला. मग मिस्त्रीकडे जाऊन म्हणाले, “आम्हाला असं काम द्या, ज्यात आमचं चुकलं तरी घर पडणार नाही.”

मिस्त्री हसला. भिंतीचा पहिला थर त्यानं एकट्यानं लावला होता, सिमेंटमध्ये, ओळंबा सोडून. त्यावरच्या विटा खाचेत खाच बसवून चढवायच्या, पण त्याही त्याची पोरंच चढवतात. या भिंतीची वीट गावातल्या पोरांनी जुलैतच पाडून ठेवलीय. आम्ही पाडतो त्या विटा आठवडाभर झाकून, ओल्या ठेवून मुरवायच्या, आणि त्या पुढच्या घराला लागणार. म्हणजे ज्या भिंतीसाठी आलो, तिच्यात आमची एकही वीट नाही. मला ते आवडलं. बाबांकडे नवा पोरगा कामाला आला की पहिला महिना त्यानं फक्त पाणी मारायचं. थापीला हात लावला की ओरडा बसायचा.

दुपारी १२.३०

उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सुकुमा विकीची भाजी, आणि व्हिक्टोरिया सरोवरातली वाळवलेली बारीक मासळी, ओमेना. नगरच्या माणसाला उगाली परकी वाटत नाही. बाजरीची उकड खाल्लेली जीभ ती ओळखते. उगाली घोटायच्या लाकडी उलथण्याला ‘म्विको’ म्हणतात, गवंड्याच्या थापीलाही म्विको, आणि निषिद्ध गोष्टीलाही म्विकोच.

त्या तिसऱ्या म्विकोपाशी आमचा नकाशा अडला होता. चर्चनं पाठवलेल्या नकाशात दोन खोल्या होत्या, एक मुलाला, एक त्याच्या चौदा वर्षांच्या बहिणीला. आजीनं, इथल्या भाषेत दानीनं, कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला. “वयात आलेला भाऊ आणि बहीण एका छपराखाली? पोरगी माझ्याजवळ निजते. माझं छप्पर गळतं, ते बघा.” आम्ही इंग्लंडात तीन बैठका घेऊन केलेला नकाशा दानीनं अर्ध्या मिनिटात दुरुस्त केला. आता मुलाची एक खोली, आणि उरलेल्या पैशात दानीच्या घरावर नवे पत्रे, पन्हळ आणि पाण्याची टाकी.

पण त्या दिवशी मी इथल्या समाजसेविकेला एक विचारलं. भावाची सिंबा झाली, तर बहिणीचं काय? ती म्हणाली, “आता तू मुद्द्याचं बोललीस.”

दुपारी २.००

सा नाने. दानी, मुलगा, चुलता आणि समाजसेविका चीफच्या कचेरीत गेलेत. चीफ म्हणजे टोळीप्रमुख नव्हे, सरकारी अधिकारी. मृताचे वारस कोण, हे तो पत्रावर लिहून देतो आणि त्या पत्रावर पुढे कोर्टात वारसाचं प्रकरण चालतं. जमीन अजून या मुलांच्या आजोबांच्या नावावर आहे. हे ऐकल्यावर मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. सातबारावर तीन पिढ्यांपूर्वीचं नाव आणि कसणारा चौथाच, हे आपल्याकडं कुणाला नवीन आहे?

आणि पुढचंही नवीन नव्हतं. चुलता भला माणूस आहे, पुतण्यासाठी स्वतः धावपळ करतो. पण मुलीचं नाव कशाला, ती उद्या लग्न होऊन जाईल, असं त्याचं म्हणणं. केनियाचा वारसा कायदा १९८१पासून लागू आहे आणि तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. आपल्याकडेही कायदा भेद करत नाही. तरी भाऊबीजेच्या ओवाळणीआधी बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात.

माझी आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. पंडिता रमाबाईंच्या त्या घरानं तिला अन्न, अक्षर आणि शिवण दिली. ती रोज रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. पण ‘तुमचं गाव कोणतं?’ असं कुणी विचारलं की क्षणभर थांबायची, मग ‘केडगाव’ म्हणायची. तिच्या बापाच्या गावात तिची कुठं नोंद होती का, हे शोधायला कुणी गेलं नाही, आम्हीसुद्धा.

दुपारी ४.१५

सरोवराच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि पाच मिनिटांत कोसळलं. ओल्या विटांवर प्लॅस्टिक टाकायला सगळे धावले. दोन ओळी भिजून ढासळल्या. माझ्या लाडवांची ती ओळ नव्हती, एवढंच समाधान.

मंडळी परतली ती त्याच पावसात. दानीनं काखेतली पिशवी सोडली, पिशवीत पिशवी, तिच्यात पत्र, कोरडं. अक्षर वाचायचं काम धाकटीचं, मुलाच्या बहिणीचं. तिनं मृताचं नाव वाचलं, तारीख वाचली, भावाचं नाव वाचलं. मग थांबली. खालच्या ओळीवर बोट ठेवून तिनं स्वतःचं पूर्ण नाव वाचलं, शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात. चुलता छपराच्या कडेला उभा राहून पावसाकडे बघत होता. दानी त्याला म्हणाली, “चहा घे.” कचेरीत दोघांत काय बोलणं झालं, ते त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी ६.३०

पाऊस थांबला. कराया धुऊन पालथ्या घातल्या. आम्ही शनिवारी निघणार, पत्रे त्यानंतर चढतील. मुलगा वाचलेल्या विटांवरचं प्लॅस्टिक उचलून पाहतोय. उद्या ऊन पडलं तर त्याला सकाळीच पाणी मारावं लागेल, सुट्टी संपेपर्यंत रोज.

सूर्य टेकला. बारावा तास संपला. अर्ध्या तासानं पुन्हा सा मोजा, रात्रीचा पहिला.

धाकटी फाटकापर्यंत आली. उद्या किती वाजता येणार, असं विचारते. मी बोटांवर मोजून सांगते, “सा म्बिली.” ती माझी बोटं तपासते, दोनच आहेत ना ते बघते, आणि मान हलवते.