महिला महाविद्यालयीन बास्केटबॉल : प्रेक्षकांची मते आणि प्रशिक्षकाचे कार्य

प्रस्तावना

महाविद्यालयीन मुलींचा बास्केटबॉल सामना संपला की मैदानाच्या कडेला चर्चा सुरू होते. संघ जिंकला तर श्रेय उंच खेळाडूचे, हरला तर दोष प्रशिक्षकाचा, असा निकाल प्रेक्षक चटकन देतात. ही मते पालकांच्या व प्राचार्यांच्या कानांवर जातात. मुलीचा खेळ पुढे चालू राहील की नाही, हे पुष्कळदा त्यांवरच ठरते. म्हणून त्या मतांचे मूल्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लोकमत आणि नियम

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेत हा खेळ सुरू केला. पुढच्याच वर्षी स्मिथ महाविद्यालयातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींसाठी आणला. मुलींना इतकी धावपळ झेपत नाही, असे तेव्हाचे लोकमत होते. त्यामुळे त्यांनी मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीने आपल्याच भागात खेळावे असा नियम घातला. आयोवा राज्यातील शाळांत मुलींचा सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत टिकला. त्यात तिघी केवळ बचाव करीत आणि तिघी केवळ चढाई. जे मैदान दिलेच नाही, तेथील कौशल्य मुलीला येणार कसे? याच आयोवाच्या विद्यापीठ संघाचा २०२४ मधील अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्या वर्षी यापेक्षा कमी प्रेक्षक लाभले.

तीन प्रचलित मते

१) ‘उंची असली की झाले.’ उंची शिकवता येत नाही हे खरे. परंतु चेंडू उंचावर धरणे, एक पाय रोवून वळणे व बचावासाठी वेळेवर परतणे हे शिकवावेच लागते. जवळपास सात फूट उंचीच्या पूनम चतुर्वेदी उत्तर प्रदेशच्या. त्यांच्या खेळाला आकार मात्र छत्तीसगडमध्ये राजेश पटेल यांच्या हाताखाली आला.

२) ‘चांगल्या पाच जणींनाच खेळवा.’ सामना ४० मिनिटांचा असतो आणि पाच फाऊल झालेल्या खेळाडूला बाहेर जावे लागते. जिला आधी कधी संधीच मिळाली नाही, ती अखेरच्या दहा मिनिटांत काय करणार?

३) ‘प्रशिक्षक विजयावरून ओळखावा.’ टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांनी १९७४ ते २०१२ या काळात १०९८ सामने जिंकले. पण त्यांच्याकडे खेळाची वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलीने पदवीही मिळवली. अध्यापकांच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होय.

जवळचे उदाहरण

बालाघाटच्या शेजारचे राजनांदगाव आणि भिलाई २००० पर्यंत मध्य प्रदेशातच होते. तेथे राजेश पटेल यांनी २०१८ मधील निधनापर्यंत मुलींचे संघ घडवले. त्यांच्या कित्येक खेळाडू भारतीय संघापर्यंत पोहोचल्या आणि काहींना रेल्वेत नोकरी मिळाली. प्रेक्षकाला पदक दिसते, त्यामागचा रोजचा सराव दिसत नाही.

उर्दू काव्यपरंपरेत ‘दाद’ आणि ‘इस्लाह’ असे दोन शब्द आहेत. दाद मुशायऱ्यातील श्रोते देतात. इस्लाह, म्हणजे शेरातील दुरुस्ती, उस्ताद त्याआधीच एकांतात करून देतो. दाद नसेल तर शायराचा उत्साह मावळतो, आणि इस्लाह नसेल तर शेर कच्चा राहतो. मात्र दादेवरून उस्तादाची परीक्षा होत नाही. प्रेक्षक आणि प्रशिक्षक यांचे नातेही असेच आहे.

निष्कर्ष

प्रेक्षकांची मते दडपू नयेत, त्यांना आधार द्यावा. प्रत्येक खेळाडूची एक साधी वही ठेवावी. वीसपैकी किती फ्री थ्रो पडले, डाव्या हाताने चेंडू किती सफाईने चालतो, सामन्यात किती मिनिटे मिळाली, वर्गातील हजेरी किती आणि परीक्षेचा निकाल काय, याची दर सत्रात नोंद करावी. ती वही पालकांसमोर ठेवावी. संघ हरल्यावर ‘आता खेळ पुरे’ असे घरी ठरण्याआधी आपली मुलगी किती पुढे गेली, हे त्यांना त्यातून कळेल. हे काम क्रीडाशिक्षकावर सोडून चालणार नाही. वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येक अध्यापकाचा त्यात वाटा आहे.