डेटाबेसशी जोडणी आणि देवनागरी अक्षरे

समजा, आपण बोलीतील शब्दांचा कोश संकेतस्थळावर ठेवणार आहात आणि शब्द मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवणार आहात. संकेतस्थळाला त्याच्याशी जोडण्यासाठी यंत्राचा पत्ता, पोर्ट (बहुधा ३३०६), वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द व डेटाबेसचे नाव द्यावे लागते. यांपैकी एक जरी चुकले तरी जोडणी होत नाही. चूक तत्काळ कळते.

खरा धोका सहाव्या नोंदीत, म्हणजे अक्षरसंचात आहे. ती चुकली तरी जोडणी होतेच. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ व वेलांटी असे ५ घटक आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकास ३ बाइट, म्हणजे एकूण १५ बाइट लागतात. जोडणीत ‘लॅटिन१’ असे नोंदले असेल, तर डेटाबेस प्रत्येक बाइटला स्वतंत्र चिन्ह मानून १५ चिन्हे साठवतो. गंमत अशी, की त्याच चुकीच्या जोडणीतून वाचताना शब्द ‘मराठी’ असाच दिसतो! वर्षभर नोंदी होत राहतात; मग कोणी जोडणी दुरुस्त करते आणि जुने सर्व शब्द अगम्य होतात.

हे शब्द उलट रूपांतराने परत मिळू शकतात. परंतु जोडणी यूटीएफ-८ची आणि रकाना मात्र लॅटिन१चा असेल, तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे साठू शकतात. त्यांची पुन्हा अक्षरे होत नाहीत. म्हणून पहिल्या नोंदीपूर्वीच जोडणी, तक्ता व रकाना या तिन्ही ठिकाणी ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावे आणि साठवलेला एक शब्द दुसऱ्या प्रोग्राममधून वाचून पाहावा.