जुने ते सोने, की नवे ते हवे?

वाण्याकडे तांदूळ घेताना गृहिणी 'जुना आहे ना?' म्हणून खोदून विचारते आणि चार पावलांवर भाजीवालीकडे मात्र आजचीच मेथी मागते. काय मुरू द्यावे आणि काय ताजे घ्यावे, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाचा सारा कारभार जिच्या हुकमाने चालतो ती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, जुनी बरी की नवी, यावर मात्र भलीभली माणसे वर्षानुवर्षे वाद घालीत आली आहेत.

हा वाद फार मनापासून चालतो तो 'डेबियन'च्या गोटात. इयान मर्डॉक या वीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ च्या ऑगस्टमध्ये हा प्रपंच मांडला. मैत्रीण डेब्रा आणि आपण स्वतः, अशी दोन नावे जोडून त्याने बारसेही उरकले! देशोदेशींचे स्वयंसेवक ही प्रणाली घडवतात; डेबियन त्यांना पगार देत नाही.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. नवा प्रोग्राम प्रथम 'अनस्टेबल' कोठीत येतो. तिचे नाव 'सिड'. 'टॉय स्टोरी' चित्रपटातला खेळणी मोडणारा द्वाड पोरगा तो हाच. तेथे काही दिवस गंभीर तक्रार आली नाही, की प्रोग्राम 'टेस्टिंग'मध्ये जातो. मग साधारण दोन वर्षांनी नव्या आवकीला दार बंद करून, राहिलेले दोष निपटून 'स्टेबल' आवृत्ती बाहेर पडते. पुढे तिच्यात नवी हौसमौज नाही. सुरक्षेला भोक पडले, तर नवा सदरा न देता जुन्यालाच बेमालूम ठिगळ लावतात.

याची किंमतही पडते. २००२ नंतरची आवृत्ती निघायला २००५ चा जून उजाडला. तोवर कंटाळलेल्यांसाठी याच घरातून २००४ मध्ये 'उबंटू' वेगळे निघाले होते, दर सहा महिन्यांनी नवे देण्याचा वायदा करून. शिवाय नवाकोरा लॅपटॉप आणावा, तर जुनी प्रणाली कधी कधी त्याला ओळखच देत नाही.

पण २०२४ च्या मार्चमध्ये सबुरीचे फळ दिसले. फाइली आवळून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनात कोणीतरी, दोन वर्षे विश्वास संपादन करून, चोरदरवाजा बसवला होता. ती नवी आवृत्ती सिडमध्ये आणि टेस्टिंगमध्येही पोचली; स्टेबलमध्ये जुनीच असल्याने ते बचावले. चोरी पकडली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या संशयावरून त्याने मूळ हुडकले आणि २९ मार्चला जगाला सावध केले.

हा गृहस्थ सिड वापरीत होता, हे विसरू नये. सगळेच जुन्या तांदळावर बसून राहिले असते, तर खडा कोणाच्या दाताखाली आला असता?

आणि मुरलेले ते निर्धोकच, असेही नाही. २००६ मध्ये डेबियनच्याच एका स्वयंसेवकाने 'ओपनएसएसएल'मधल्या काही ओळी सद्हेतूने गाळल्या. त्यामुळे गुप्त किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या होऊ लागल्या. २००७ ची स्टेबल आवृत्ती तोच दोष घेऊन निघाली आणि उलगडा झाला २००८ च्या मेमध्ये!

पुढची आवृत्ती 'ट्रिक्सी' ९ ऑगस्ट २०२५ रोजी स्टेबल म्हणून बाहेर पडली. मार्च २०२४ मध्ये चोरदरवाजा घुसला होता तो तिच्याच कच्च्या रूपात. शोध लागताच तो काढून टाकला गेला आणि त्यानंतर सोळा महिने तिची पारख चालू होती.